पट्ट्यांमागची टाकी

नवीन पनवेल
२४ सप्टेंबर

चारुता,

हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल, तर घाबर. मुद्दाम लिहितेय. तू मला पत्ता दिलेला नाहीस, फोन नंबर नाही, गावाचं नावसुद्धा नाही. तरी पत्र पोचलं. म्हणजे तुला शोधता येतं. मला जमलं ते देवेशला जमायला कितीसा वेळ लागणार?

आधी काय करायचं ते सांगते, कारण मागून. रियाला शाळेत पाठवू नकोस. शाळेला सांग की तुझ्याशिवाय कुणाच्याही हाती मुलगी द्यायची नाही. बाप म्हणून कुणी आलं, आजीकडे न्यायला आलोय असं कुणी म्हटलं, तरी नाही. आणि जमेल तितक्या लवकर ते गाव सोड.

आता कारण. मला शिव्या घालायच्या त्या घाल, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

माझा तो वर्षातून दोनदा येणारा दिवस तुला आठवत असेल. तू त्याला 'आईची बिनपगारी ड्युटी' म्हणायचीस. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी जगभरातले माझ्यासारखे रिकामटेकडे ती आपापल्या मशीनवर चालवून बघतात, आणि काय चाललं, काय मोडलं ते सगळ्यांना दिसेल अशा पानावर लिहितात. या वेळचा टेस्ट डे व्हर्च्युअल मशीनचा होता. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा. आतल्याला आम्ही गेस्ट म्हणतो. त्याला बसवायचं, झोपवायचं, उठवायचं. त्याची आहे तशी अवस्था जपून ठेवायची, मग मुद्दाम त्याची वाट लावायची आणि जपलेल्या अवस्थेत तो धड परत येतो का ते बघायचं.

आमच्यात एक रीत आहे. गेस्टच्या पडद्याला वेगळं चित्र लावायचं. नाहीतर आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं याचा गोंधळ होतो, आणि आतल्याचं पुसायला जाऊन माणूस स्वतःचं सगळं पुसून बसतो. कुणी सरळ लाल रंग लावतात, कुणी मांजर लावतात. मी रियाचा फोटो लावला होता.

हो, तोच. दिवाळीत तू पाठवलेला. खाली एक अक्षर नाही, आणि उत्तर द्यायला गेले तर तो ईमेल बंद. एवढी मोठी झालेली नात मला पडद्यावर बघायची होती. बाकीच्या वेळी मी तो फोटो उघडतसुद्धा नाही, कारण मग संध्याकाळ वाया जाते.

झालं काय, जपलेल्या अवस्थेतून गेस्ट उठवला की त्याचा पडदा आडव्या पट्ट्यांनी फाटून येत होता. मला इतका आनंद झाला! सगळ्या शहाण्यांनी त्या चाचणीपुढे 'पास' लिहून ठेवलं होतं, डोळ्यांना झापडं लावून. मी पडद्याचं चित्र काढलं, तक्रारीला जोडलं, पायऱ्या नीट लिहिल्या, पाठवलं, आणि ऐटीत चहा प्यायले.

मी पट्ट्या बघितल्या. पोरगी बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर ते पान उघडलं आणि तेव्हा पोरगी बघितली. पट्ट्यांनी रियाचं तोंड बरोबर झाकलंय. तिच्या मागची पाण्याची टाकी मात्र धुतल्यासारखी स्वच्छ दिसते, ग्रामपंचायतीच्या नावासकट. गणवेशाच्या खिशावर शाळेचं चिन्ह आहे. मी नकाशा उघडला. गॅसवरचं दूध उतू जायच्या आत मला तुमची शाळा सापडली.

त्या पानावर मी खऱ्या नावाने लिहिते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, लिहाल त्याखाली नाव घालायची हिंमत ठेवा. देवेशला हे नाव ठाऊक आहे. मला या उद्योगाला बसवलं त्यानेच, शेजारी खुर्ची ओढून. "आई, तुमच्यासारखी खुसपटं काढणारी माणसंच त्यांना हवी असतात," म्हणाला होता. तेव्हा मला जावई लाभल्यासारखं वाटलं होतं.

मी शाळेचा नंबर शोधून फोन केला. एक बाई म्हणाल्या, "आम्ही मुलांची माहिती देत नाही."

"अहो, माहिती नको, निरोप द्या."

"निरोपही घेत नाही. पालकांनी स्वतः यायचं."

आणि फोन आपटला. मला इतका राग आला, आणि त्याच वेळी त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. देवेशशीही अशाच बोलोत. म्हणून हे पत्र बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांना पाठवतेय, रियाच्या आईला द्यावे म्हणून. मी स्वतः निघाले असते. पण मी गाडीत बसले तर त्याला टाकी वाचायचीसुद्धा गरज नाही. माझ्या मागोमाग आला की झालं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तो तुला हसून काय म्हणाला होता, ते मी विसरलेले नाही. "मुलगी तुझी. पण शाळा तर लागेलच ना तिला?"

आई

---

२७ सप्टेंबर

चारुता,

पहिलं पत्र मिळालं का, कसं कळणार मला? पोस्टाच्या साइटवर 'वितरित' एवढंच लिहून आलंय. कुणाला वितरित? शिपायाला? टेबलाच्या खणाला? हे दुसरं त्याच रस्त्याने पाठवतेय.

चित्र आता पानावरून गेलंय. मला ते काढता येत नव्हतं. एकदा जोडलं की ते सगळ्यांचं होतं, काढायचा अधिकार वरच्या माणसांचा. मी त्यांना कॉन्व्हेंटमधलं सगळं इंग्रजी पणाला लावून लिहिलं की या चित्रात एक लहान मूल आहे आणि ते धोक्यात आहे. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईने एकही प्रश्न न विचारता ते झाकून टाकलं. देव तिचं भलं करो. पण तक्रार आली की तिची प्रत आधीच किती तरी लोकांच्या ईमेलमध्ये जाऊन पडते. ती कोण परत आणणार?

आणि त्याखाली एकाने लिहिलंय. नवं खातं, नाव म्हणून नुसती चार अक्षरं. म्हणतो, 'हा दोष चित्रावर अवलंबून असावा. तुम्ही गेस्टला लावलेला मूळ फोटो, न कापता, न लहान करता पाठवू शकाल का?'

मूळ फोटो. न कापता.

मी खुर्चीवरून उठून दाराची कडी बघून आले. भर दुपारी. मग आपलीच लाज वाटली, मग पुन्हा जाऊन बघून आले.

तसं त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. मोठ्या चित्रावर पडदा फाटतो, लहानावर नाही, असं होऊ शकतं. पण देवेशलाही हे सगळं कळतं. त्याला विचारायचं झालं तर तो असंच विचारेल, शहाण्यासारखं, मऊ. मी त्याला लिहिलं, 'फोटो मिळणार नाही. तुझ्या मशीनवर पायऱ्या करून दाखव, मग बोल. फुकट चौकशा करायची ही जागा नाही.' सगळ्या जगासमोर. अजून उत्तर नाही.

पोलीस चौकीतही गेले. तिथल्या हवालदाराने माझं सगळं ऐकून घेतलं, शांतपणे पेनचं टोपण लावलं आणि विचारलं, "म्हणजे फोटो तुम्हीच टाकला ना, मॅडम?"

"हो, मीच टाकला."

"मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

"माझ्याविरुद्ध लिहा! पण त्या गावच्या चौकीला एक फोन करा."

"त्यांनी अजून काही केलेलं नाही ना. केलं की या."

केलं की या! मी त्याला म्हटलं, "केल्यावर मी इथे येणार नाही, पेपरात वाचा." बाहेर येऊन रिक्षा केली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं कुठे जायचं, आणि मला सेक्टरचा आकडा आठवेना.

फोटो मी पुसला. कॉम्प्युटरवरचा, फोनवरचा, त्या छोट्या डिस्कवर जपलेला, सगळा. गेस्टलाच पुसून टाकलं, कारण जपलेल्या अवस्थांमध्येही तो होता. पुसण्याआधी एकदा मोठा करून बघितला. तिचा डावा मोजा घसरलाय. तुझाही घसरायचा.

आई

---

४ ऑक्टोबर

चारुता,

मी भलत्याच माणसाला घाबरत होते.

त्या चार अक्षरवाल्याने उत्तर दिलं. पायऱ्या करून, स्वतःच्या पडद्याचं चित्र काढून, मशीनची सगळी जंत्री जोडून. त्याच्याही गेस्टवर पट्ट्या आल्या, डोंगराच्या चित्रावर. बिचारा खरोखरचा तपासनीस निघाला. वर लिहिलंय, 'मॅडम, मी फुकट चौकशा करत नव्हतो.' मी माफी मागितली. त्याने हसरं तोंड पाठवलं. मला वाटलं, संपलं. दसऱ्याला मी चक्क दाराला तोरण लावलं.

आणि काल फोनवर मेसेज आला. 'आई, पट्ट्यांचा बग भारी पकडलात. अजून तीच नजर. — देवेश.'

बस, एवढंच. खाली हात जोडलेलं चिन्ह.

तो तक्रारी जातात त्या ईमेलच्या यादीत असणार, कायमचाच. माझं नाव आलं की त्याला कळत असणार. मी इतकी वर्षं दरवेळी त्याला माझ्या हाताने कळवत आलेय की मी कुठल्या दिवशी काय बघतेय. आणि या वेळी मी त्याला नातीचा फोटो कळवला.

दोन दिवस शाळेला सुट्टी होती ना? का नव्हती? तुमच्याकडे कशी असते ते मला माहीत नाही. त्याने मेसेज पाठवला तेव्हा तो कुठे होता तेही माहीत नाही. घरी खुर्चीत, की त्या टाकीखाली? त्याला मला नुसतं घाबरवायचं असेल तर ते त्याला उत्तम जमलंय. पण तो नुसता घाबरवायला कधी थांबलाय? खारघरच्या बालवाडीतून रियाला 'आजीकडे नेतो' म्हणून उचललं, तेव्हाही त्याने मला आधी गोड मेसेज पाठवला होता, 'आई, तब्येत सांभाळा.' मला आज कळतंय तो कशासाठी होता. मी उत्तर पाठवलं की घरीच आहे, रियाला आणायला गेलेली नाही, हे त्याला कळावं म्हणून.

शाळेला पुन्हा फोन लावला, कुणी उचलत नाही. गुणाबाई आली होती मासे घेऊन. तुला आठवेल, उरणची, मोठ्या आवाजाची, 'ड'चा 'र' करून बोलणारी. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "ताई, तुमी आजारी हाव का? तोंड पार पांढरं परलंय."

"नाही गं. काळजी आहे."

"पोरीची?"

मी ताट आणायला आत गेले. तिने टोपली उतरवली. बोंबील मोजले, आणि वर एक मूठ आणखी टाकले.

उत्तर नको. फक्त निघ. हे पत्र वाचायलाही थांबू नकोस असं लिहायला हवं होतं मी पहिल्या ओळीत.

आई

---

१६ ऑक्टोबर

चारुता,

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी लिहितेय.

सोमवारी पोस्टमन आला आणि माझ्या हातात माझीच पाकिटं ठेवली. दुसरं आणि तिसरं, दोन्ही एकदम. वर शाळेचा शिक्का, आणि निळ्या पेनने लिहिलेलं: 'विद्यार्थिनीने शाळा सोडली. पत्ता ठाऊक नाही.'

मी त्या दोन ओळी इतक्या वेळा वाचल्या की अक्षरं वळवळायला लागली. शाळा सोडली. कुणी सोडवली? तू तिचं बोट धरून नेलंस, की त्याने? पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे ते तुला मिळालं असेल. किंवा अजून टेबलाच्या खणात असेल. पोस्टमन पाणी मागत होता आणि मी ऐकू येत नसल्यासारखी दारात उभी. तो म्हणाला, "बाई, वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "तेच कळत नाहीये." तोही गोंधळला बिचारा.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराची कडी बघून येई. फोन वाजला की वाटे, आता रडणारं पोर ऐकू येणार. मी शहाणी बाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढत आले, आणि आता गादीवर बसून भिंतीला म्हणत होते की बाबा रे, एवढी एक चूक माझी माफ कर, पुढे तोंड उघडणार नाही. भिंतीचा विश्वास बसला नसावा.

आणि आज सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर देवेश.

वजन वाढलंय. शर्ट चुरगळलेला, डोळे लाल, रात्रभर गाडी चालवली असावी. मी साखळी लावूनच उघडलं होतं. तो म्हणाला, "आई, साखळी काढा."

"तिथूनच बोल."

"कुठे आहेत?"

मी साखळी नीट बसलीय ना ते चाचपलं. मी म्हटलं, "कोण?"

"नाटक करू नका! कुठे पाठवलंत दोघींना? मी जाऊन आलोय तिथे. शाळेत म्हणतात, आईच येऊन घेऊन गेली. दाखलासुद्धा नेला नाही म्हणे. घरमालक म्हणतो, सामान टाकून गेली. तुम्ही कळवलंत. तुमच्याशिवाय कोण कळवणार?"

चारुता, आईच येऊन घेऊन गेली.

मी साखळीच्या फटीतून त्या माणसाचा संतापलेला चेहरा बघत होते, आणि मला वाटत होतं, बोल अजून. ओरड. जितका ओरडशील तितक्या त्या लांब आहेत. कधी नव्हे ते या माणसाचं एकूण एक वाक्य मला गोड लागत होतं. दाखला नेला नाहीस, केवढं शहाणपण! दाखल्यामागून नवी शाळा सापडते, हे मला सुचलं नसतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"खोटं."

"देवेश, मी तुझ्याशी पुष्कळ गोड बोलले, ते खोटं होतं. हे खरं आहे. मला माहीत नाही."

त्याने दार ढकललं. साखळी खडखडली. आणि जिन्यावरून आवाज आला, "ओ दादा, वाट सोरा, जर टोपली हाय." गुणाबाई. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा फटीतल्या माझ्या तोंडाकडे. मग ती वर आली, त्याच्या आणि दाराच्या मधे टोपली उतरवली आणि फतकल मारून बसली.

"ताई, ह्यो कोन?"

"जावई होता."

"होता?" तिने कोयता बाहेर काढला, पाटावर एक भलाथोरला रावस आडवा टाकला. "मंग आता कामाचा नाय. दादा, जरा मागं सरा, खवले उरतात. कापरं घान होतील."

आणि ती खवले काढायला लागली. सावकाश. तो उभा राहिला. समोरच्यांनी दार उघडलं, वरच्या काकू वाकून बघायला लागल्या. तो मला म्हणाला, "मी शोधीनच." मी म्हटलं, "शोध. मला सापडल्या तर मला सांगू नकोस म्हणून सांगणार आहे त्यांना." मला तरी काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण तो गेला. खाली गाडी निघाल्याचा आवाज येईपर्यंत गुणाबाई खवले काढतच होती. रावस कधीच साफ झाला होता.

मग मी साखळी काढली आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. ती म्हणाली, "आता रराचं त ररून घ्या, मं मासा घ्या." मी दोन्ही केलं.

तो परत येईल. शोधीन म्हणाला तो शोधेल. मला त्याची भीती वाटते, आत्ताही लिहिताना मधेच थांबून जिना ऐकतेय. पण तो इथे येईल. इथे त्याला काही मिळणार नाही.

जाताना एस.टी. स्टँडवर तू रियाला कडेवर घेऊन उभी होतीस आणि म्हणालीस, "आई, तुला माहीतच नसलं तर तुझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही." मी केवढी भडकले होते! स्वतःच्या आईवर भरवसा नाही, म्हणून किती दिवस फुगून बसले. आज साखळीच्या अलीकडून 'मला माहीत नाही' म्हणताना मला तू काय दिलं होतंस ते कळलं. खोटं बोलले असते तर त्याने माझ्या डोळ्यांत वाचलं असतं. तिथे वाचायला काही नव्हतंच.

तेव्हा आता नीट ऐक. फोटो पाठवू नकोस. रियाची उंची किती झाली, कुठला दात पडला, मोजे अजून घसरतात का, काहीही कळवू नकोस. दिवाळीला नाही, माझ्या वाढदिवसाला नाही, मी आजारी पडले असं कुणाकडून ऐकलंस तरी नाही.

मला बघायचं असेल तर बघ. पुढच्या टेस्ट डेला मी त्याच पानावर असेन, त्याच नावाने, नाव बदलून लपायची मला सवय नाही. माझ्या नावापुढे पास-नापास लिहिलेलं दिसलं की समज, म्हातारी जिवंत आहे आणि लोकांच्या चुका काढतेय. तोही बघेल, बघू दे. त्याला पडद्याच्या चित्रात काही सापडणार नाही.

नवा गेस्ट आज बसवला. त्याला नुसता लाल रंग लावलाय.

आई